वायरलेस माउस अडखळतोय? नवा आणण्याआधी डोंगल कुठे लावलाय ते बघा

पॉइंटर उड्या मारायला लागला की लोक पहिलं काम करतात ते माउसला शिव्या देण्याचं. दुसरं, नवा मागवण्याचं. दोन्हींच्या आधी दोन मिनिटं थांबा, कारण माउस बहुतेक वेळा धडधाकट असतो.

नेहमीचा प्रकार असा. सकाळभर माउस छान चालतो. दुपारी बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की पॉइंटर अडकत-अडकत सरकू लागतो. मग सेल बदलतात, पॅड बदलतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात आणि शेवटी दुसरा माउस येतो. तोवर बॅकअप संपून डिस्क निघालेली असते, त्यामुळे नवा माउस झकास वाटतो. पुढच्या बॅकअपला तोही तसाच रडतो.

दोष डोंगलच्या, म्हणजे माउससाठी यूएसबी पोर्टमध्ये खोचलेल्या छोट्या रिसीव्हरच्या, शेजाऱ्याचा असतो. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३ चा पोर्ट, केबल व डिस्क काम करताना नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगलचा अँटेना नखाएवढा. एका इंचावरच्या गोंगाटापुढे त्याला माउसचा क्षीण सिग्नल कसा ऐकू यावा?

उपाय स्वस्त आहे. डिस्क एका बाजूला लावा, डोंगल दुसऱ्या बाजूला. यूएसबी २ चा पोर्ट असेल तर डोंगलचा हक्काचा तोच. (यूएसबी ३ चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो, पण सगळ्या कंपन्या हे पाळत नाहीत.) हब किंवा डॉक (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) वापरत असाल तर यूएसबी २ ची फूट-दोन फुटांची एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल माउसच्या जवळ, टेबलावर आणून ठेवा. डोंगल थेट हबमध्ये डिस्कला खेटून लावू नका.

थोडा वेळ हात न लावल्यावर माउस 'झोपतो' आणि पहिले एक-दोन सेकंद गायब असतो? विंडोज वीज वाचवायला तो पोर्ट बंद करत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीज उघडा. पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसला तर डिव्हाइस बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

सेलच्या बाबतीतला आळस मात्र माउसचा जीव घेतो. महिनोन् महिने बॅगेत पडणार असेल तर सेल काढून ठेवा. खालचं बटण बंद केल्यानं गळती थांबत नाही. दोन सेलचा माउस असेल तर एक जुना, एक नवा असं कधीच करू नका. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमली असेल तर कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. चाकूनं खरवडलं तर मुलामा जातो आणि पत्रा गंजतो.

काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माउस चालत नाही. खाली कागद ठेवा, झालं.

एकदाच दाबल्यावर दोन क्लिक होत असतील तर आतला स्विच झिजलाय. सेटिंगशी झटापट करू नका.

खरेदीतली घाई वेगळीच. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असताना डोंगलचा माउस आणला की अडॅप्टर आलाच. तिथे ब्लूटूथ घ्या. पण ब्लूटूथ माउस बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) किंवा विंडोज टाकताना सहसा चालत नाही, तेव्हा एक वायरचा माउस कपाटात असू द्या. लॉजिटेकचा डोंगल हरवला तर माउसवरचं चिन्ह बघून दुसरा घ्या: केशरी ताऱ्यासारखं असेल तर युनिफाइंग. लॉजिटेकच्याच बोल्ट या दुसऱ्या प्रकारचा डोंगल त्याला चालत नाही, उलटही नाही. स्वस्त माउसचा डोंगल मात्र बहुधा त्याच माउसला बांधलेला असतो, सुटा मिळत नाही. म्हणून लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी तो काढा आणि माउसच्या पोटातल्या खाचेत ठेवा.