कडेची मावशी रुंद का दिसते? वाइड लेन्सच्या या चुका टाळा

विदर्भातल्या लग्नाचा अल्बम घरी आला की एक तक्रार हमखास येते. ग्रुप फोटोत मधले नवरानवरी नीट, पण कडेला उभ्या मावशी आणि काका आडवे पसरलेले. मग फोटोग्राफर लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइलवर, म्हणजे त्या लेन्सचा दोष काढणाऱ्या सोयीवर, टिक करतो आणि मावशी आणखी रुंद होतात.

लेन्सचा बाक आणि चेहऱ्याचा पसारा ही दोन वेगळी दुखणी आहेत. बाक म्हणजे सरळ रेषा बाहेर फुगणं. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सवर (मिमीचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) तो १८ मिमीला ठळक असतो आणि २४ ते ३५ च्या दरम्यान जवळपास नाहीसा होतो. प्रोफाइल एवढाच बाक काढतं, तेही कडा बाहेर ताणून. चेहरा पसरतो तो भूमितीमुळे: सरळ रेषा सरळ ठेवायची तर कडेची गोल वस्तू ताणली जाणारच. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर फ्रेमच्या अगदी कडेचं डोकं १८ मिमीला सुमारे १९ टक्के रुंद येतं, २४ ला ११ आणि ३५ ला ५-६ टक्के. १० मिमीला ते दीडपट होतं. लेन्स कितीही महागाची घ्या, हा हिशोब बदलत नाही.

“अंगणात मागं सरकायला जागाच नव्हती” हे कारण पुरेसं नाही. दहा-दहा जणांच्या दोन ओळी म्हणजे साधारण ५ मीटर, मोकळी जागा धरून ६. त्या १८ मिमीवर साडेचार मीटरवरून मावतात म्हणून सगळे तिथूनच उरकतात. त्याच जागी उभं राहून सात-सात जणांच्या तीन ओळी करा: पुढची सतरंजीवर, मधली खुर्च्यांवर, मागची उभी. आता २४ मिमीला सगळे बसतात. ग्रुपपासून मागं एकूण ९ मीटर, म्हणजे बारा पावलं मिळत असतील, तर दोनच ओळी ठेवून ३५ लावा. माणसं हलवायला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल त्यानं ग्रुप फोटोचं काम घेऊ नये.

घाईत शोधलेला उपाय म्हणजे फोटोशॉपमधलं लिक्विफाय. अल्बमच्या १२ बाय ३६ इंचाच्या पानावर मावशींचा दंड आत ढकलला जातो, सोबत मागचा मांडवाचा खांब कमरेत वाकतो आणि झालरीला पोक येतो. पान छापून आल्यावर लोकांची नजर आधी त्या खांबावरच जाते. डीएक्सओ व्ह्यूपॉइंट या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याचा ताण कमी करण्याची वेगळी सोय आहे. तीही कुठेतरी सरळ रेषा वाकवतेच. त्यापेक्षा फ्रेमच्या दोन्ही कडांना माणूसच नको, रिकामी जागा सोडा आणि नंतर कापा.

देवळांचं दुखणं तिसरं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला कॅमेरा वर उचलून फोटो काढला की देऊळ मागं कलंडतं. इथं दोष कलत्या कॅमेऱ्याचा, लेन्सचा नाही. कॅमेरा सरळ धरा, खाली नको असलेलं अंगण येऊ द्या, घरी कापा. वर उचलणं भागच असेल तर चारही बाजूंनी भरपूर जागा ठेवा. लाइटरूमच्या ट्रान्सफॉर्ममध्ये गाइडेड निवडून दोन उभ्या रेषा आखा. त्या दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर, शिखराच्या कडेवर कधीच नाही. शिखर मुळातच वर निमुळतं असतं. त्यावर रेषा आखली की ते पाण्याच्या टाकीसारखं ठोकळेबाज होतं. पूर्ण उभं केलेलं देऊळ वर रुंदावल्याचा भास होतो, म्हणून दुरुस्ती थोडी कमीच ठेवावी.

लोणारच्या सरोवराच्या काठावरून पलीकडची कड फ्रेममध्ये वर ठेवली तर लेन्सच्या बाकामुळे ती मधोमध उंचावते, खाली ठेवली तर खोलगट होते. मध्यावर ठेवा, मग कापा.

कॅमेऱ्यानं आधीच सुधारलेल्या जेपीईजीवर पुन्हा प्रोफाइल लावू नका. रेषा आत वाकतात.

मोबाइलचं ०.५ हे पऱ्हाटीच्या शेतासाठी ठीक आहे, माणसांसाठी १ किंवा २ वर या.

आणि आपल्या लेन्सचा बाक एकदा नजरेखालून घाला. शाळेच्या विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर लावा. १८, २४, ३५ आणि ५५ ला एकेक फोटो काढा. विटांचा सगळ्यात वरचा थर फ्रेमच्या वरच्या काठाशी ताडून बघा, तेही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही, संगणकावर.