दशमीला निघायचं: मुंबईहून गळ घेऊन कोकणात चार रात्री

मुंबईहून गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, कोकणात जायचं ठरलं की बहुतेक लोक आधी राहायची जागा बुक करतात, मग किलोमीटर मोजतात आणि पाणी कधी भरतंय हे तिथे पोचल्यावर कुणालातरी विचारतात. हे सगळं उलटं करा. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा, तिथी बघा, त्यावर सुट्टी टाका आणि घर सगळ्यात शेवटी ठरवा. मी सुरुवातीची दोन वर्षं शनिवार-रविवार मिळाला की निघायचो आणि कितीतरी वेळा खाडीवर पोचलो तेव्हा समोर नुसता चिखल, पाणी परत यायला पाच तास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी निघायचं. मासे नव्हते असं नाही, मी चुकीच्या वेळी गेलो होतो.

हिशोब सोपा आहे, कोळीवाड्यात कुणीही सांगेल. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. अष्टमी म्हणजे 8, त्याची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास परत. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. भरती रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, त्यामुळे पक्क्या वेळेसाठी फोनवर टाइड टेबल बघा, पण त्यात मुंबई ठेवू नका, जवळचं बंदर निवडा, कारण रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी लागते आणि जसजसं खाली मालवणकडे जाल तसा भरती-ओहोटीतला फरक पण कमी होत जातो.

आता दशमीच का ते सांगतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद, माशाला हलायला कारण नसतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाण्याला इतका ओढा की शिसं तळाला टिकत नाही आणि खाडीतलं पाणी गढूळ होतं. मधले दिवस आपले. दशमीला निघून चतुर्दशीपर्यंत राहिलात तर रोज सकाळी उजाडल्यापासून पाणी चढत असतं, जोर रोज थोडा वाढत जातो, आणि संध्याकाळी पण चहा पिऊन उतरलात की चढतं पाणीच मिळतं. फक्त एक, मध्ये एकादशी येते. बऱ्याच घरी त्या दिवशी मासे शिजत नाहीत, तसंच सोमवार, गुरुवार आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर नक्कीच नाही, तेव्हा जेवणाचं आधीच विचारून ठेवा.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते मे. पाऊस संपल्यावर खाड्या निवळायला लागतात तो काळ मला सगळ्यात आवडतो. जून-जुलैमध्ये जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, ती माशांच्या प्रजननासाठी आहे, आपण किनाऱ्यावरून एक गळ टाकतो म्हणून आपल्याला ते लागू होत नाही असा विचार करू नका, आणि तसंही पावसाळ्यात खडकावर उभं राहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

सामान कमी घ्या. आठ-नऊ फुटी स्पिनिंग रॉड, 4000 किंवा 5000 साइजचं रील, त्यावर 25-30 पाउंडाची ब्रेडेड लाइन आणि पुढे दीड-दोन हात 40 पाउंडाचा लीडर, म्हणजे गरीच्या आधीचा जाड दोरा. लीडर टाळू नका, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, ब्रेडेड लाइन सरळ कापतो आणि हातात चुकीचा धरला तर बोट पण कापतो. लुअरमध्ये, म्हणजे खोट्या आमिषात, जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गरीवर) लावायचे रबरी शॅड, एकदोन पॉपर, खडकावरून लांब फेकायला 30-40 ग्रॅमचा मेटल जिग, बास. बाकी गऱ्या आणि शिसं. हे सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतं. आमिष मात्र मुंबईहून नेऊ नका, जिथे राहाल तिथली जिवंत कोलंबी सगळ्यात भारी, खाडीवर पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्याला सकाळी विचारलं की मूठभर देतो, पैसे विचारून द्या. सोबत लांब नाकाची पक्कड, खडकावर न घसरणारे बूट, हेडलॅम्प, आइसबॉक्स आणि लाइफ जॅकेट. जॅकेट गाडीत ठेवायला नाही, अंगात घालायला.

घराचं आता. कोकणात 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी लागलेली घरं प्रत्येक गावात आहेत, दोन-तीन खोल्या, पुढे अंगण, मागे वाडी. गरवणाऱ्या माणसाला हॉटेलपेक्षा हीच घरं बरी, कारण घरमालकाला पाणी माहीत असतं. पण फोनवर नीट बोला. पहिला प्रश्न, घरात मासे चालतात का. दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, गुहागर इथली कितीतरी घरं शाकाहारी आहेत, तिथे मोदक आणि आमटी-भात खायला जरूर जा, पण माशाची पिशवी घेऊन नाही. मी एकदा न विचारता शिंगाळा भरलेली बादली घेऊन अशाच एका अंगणात शिरलो होतो, काकू एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त आत जाऊन देवघराचं दार लोटून घेतलं. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तेव्हापासून विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

दुसरं विचारा, पहाटे पाचला बाहेर पडता येईल का, फाटकाला कुलूप असतं का. तिसरं, बाहेर नळ आहे का जिथे रॉड धुता येईल आणि मासे साफ करता येतील. चौथं, बर्फ कुठे मिळतो. आणि मग सहज विचारल्यासारखं, घरात कुणी पागायला जातं का, कुणाची होडी आहे का. ह्या एका प्रश्नावर मी घर ठरवतो. समोरचा म्हणाला 'हो, आमचा धाकटा जातो ना' की तिथेच राहायचं, खोलीला एसी असो वा नसो.

निघताना दोन रस्ते. गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तासाभरात उतरता आणि ट्रॅफिक वाचतो, किंवा अटल सेतूवरून पेण-वडखळ करत अलिबाग. बाइकवाल्यांनी लक्षात ठेवा, अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. पहिली रात्र रेवदंडा किंवा कोर्लई. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते आणि कोर्लईचा किल्ला नेमका खाडी आणि समुद्राच्या मधल्या सोंडेवर आहे, त्यामुळे वारा कुठूनही असला तरी एक बाजू आडोशाला मिळते. मी खाडीच्या बाजूच्या खडकांवर बसतो. पाणी चढायला लागल्यावर पहिले दोन तास जिवंत कोलंबी तळाशी सोडायची आणि लाइन बोटावर धरून बसायचं. करकरा आधी टकटक करतो मग ओढतो, तांबोशी एका झटक्यात घेऊन खडकात घुसते, तिला पहिल्या तीन सेकंदात वर उचललं नाही तर लाइन गेली समजा. साळावच्या पुलावरून टाकायचा मोह होईल, नका टाकू, गाड्या जातात आणि मागे जागा नसते. संध्याकाळी मोकळे असाल तर गावात बसा, कोर्लईत काही घरांत पोर्तुगीज मिसळलेली जुनी बोली अजून बोलतात, ऐकायला मिळाली तर भाग्य. आणि जेवायला जिताड्याचं कालवण मिळत असेल तर दुसरं काही मागवू नका, पेण-अलिबाग पट्ट्यात जिताड्याचा मान काय आहे हे एका घासात कळतं.

दुसऱ्या दिवशी काशीद, मुरूड करत आगरदांड्याला फेरीबोट पकडा, पलीकडे दिघी. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी घरमालकाला विचारून ठेवा, शेवटची बोट चुकली तर मोठा वळसा पडतो. मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. हरिहरेश्वरला खडक बघून हात शिवशिवतील, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी अजिबात उतरू नका. ती वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. चढत्या पाण्यात खडकावर बसायचा माझा नियम असा आहे: बसायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या, परतायची वाट कोणत्या दगडावरून आहे ते बघायचं, आणि त्या दगडाला पाणी लागलं की मासा लागलेला असला तरी उठायचं. समुद्राकडे पाठ करायची नाही, गरी बांधताना पण नाही.

तिसरा दिवस माझा लाडका. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, खाली सावित्रीची बाणकोट खाडी. बोटीतून पाण्याचा रंग बघून घ्या, जिथे हिरवं आणि मातकट पाणी वेगळं दिसतं त्या रेषेवर मासा फिरतो, आणि बोय मासे पाण्यावर उड्या मारत असतील तर खाली कुणीतरी त्यांच्या मागे आहे. वेश्वीकडच्या काठावर एका घरी मी चार-पाच वेळा राहिलोय, तिथले दादा रात्री पाण्याचा आवाज ऐकून सांगतात उद्या कुठे बसायचं, आणि माझ्या ॲपपेक्षा त्यांचं जास्त वेळा बरोबर येतं. पाण्यात उतरून गरवायचं असेल तर खाडीच्या तोंडाशीच राहा, आत महाडकडे सावित्रीत आणि चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत. उतरलात तरी पाय उचलून टाकू नका, तळाला घासत चला म्हणजे वाळूत बसलेली पाकट (स्टिंगरे) आधीच सरकते.

पाकटीचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर घाबरू नका, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग तासभर बुडवून ठेवा, विषाची आग त्याने कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जाच. काटा आत तुटला असू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पण लागतं. केंड लागला तर सोडून द्या, फुगलेला बघून पोरं खेळतात पण तो विषारी आहे, खायचा नाही.

पुढे वेळास, केळशी, आंजर्ले. वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं निघतात. त्या दिवसांत रात्री त्या किनाऱ्यांवर हेडलॅम्प लावून गळ टाकणं बंद, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात. हर्णैला मात्र चार-साडेचारपर्यंत पोचा. बंदरावर संध्याकाळचा लिलाव असतो, समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर सुरमई, पापलेट, कोलंबीचे ढीग. इथे दोन कामं होतात, एक उद्याचं कापून लावायचं आमिष, दुसरं म्हणजे आज बोटींना काय मिळालं ते बघून काठाला काय फिरतंय त्याचा अंदाज. तांडेल लोकांना, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांना, रिकामं बघून विचारा, जाळी उतरवत असताना नको.

चौथा मुक्काम दाभोळची फेरीबोट ओलांडून धोपावे, गुहागरकडे. हा पट्टा मी निवांत घेतो, वेळणेश्वर-हेदवी बघायचं, वाळूवर मुडदुशीसाठी बारीक गरी लावून बसायचं, चतुर्दशी असल्याने मोठ्या खाडीत जोर फार वाढलेला असतो. वेळ असेल तर तवसाळहून जयगडला पलीकडे जा, नाहीतर गुहागरहून चिपळूणला येऊन हायवेने मुंबई. मालवण ह्याच ट्रिपमध्ये कोंबू नका, ती वेगळी ट्रिप. तिथे 1987 पासून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग सागरी अभयारण्य आहे, कुठे गळ टाकायचा नाही ते आधी विचारूनच जायचं. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर रॉड खाली ठेवून दोरीला हात लावा, ओढणाऱ्याला वाटा द्यायची तिथे रीत आहे. मला एकदा एका मामांनी थांबवलं होतं, 'पाण्याक जोर आसा, आज नको जाव.' मी ऐकलं, तासाभरात वारा असा फिरला की बोटी परत आल्या.

हे सगळीकडेच लागू, डोल किंवा कुठलंही जाळं लावलेलं असेल, पाण्यावर जाळ्याचे तरंगते बोये दिसले की त्यांच्या आसपास गळ टाकायचा नाही. आपली लाइन त्यांच्या जाळ्यात अडकली तर आपले शंभर रुपये जातात, त्यांचा अख्खा दिवस जातो. छोटा मासा सोडा, हात ओला करून धरा म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, तो मासेविक्रीच्या धंद्यासाठी आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. गाभोळीने पोट भरलेली मादी पण मी सोडतो. ठेवायचे ते आज रात्री घरात जेवढी माणसं जेवणार तेवढेच. आणि मासे नेऊन दिलेत तर वहिनींना विचारा कसं करणार, तुमची रेसिपी सांगू नका.

रोज रात्री झोपायच्या आधी रॉड, रील, लुअर गोड्या पाण्याने धुवा, रीलवर जोरात पाणी मारू नका, मीठ आत जातं, नुसतं हलकं शिंपडून पुसून सावलीत ठेवा. तुटलेली लाइन खिशात, खडकावर नाही. निघताना घरच्यांना पुढची दशमी कधी आहे ते सांगून ठेवा, खोली आपोआप राखून ठेवतात.