स्वार्मच्या नोंदींत प्लाझ्मा बुडबुडा कसा ओळखावा

सूर्यास्तानंतर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या पट्ट्याचा, खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाट थर मात्र टिकून राहतो, आणि चुंबकीय विषुववृत्तालगत (जेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे असते) खालचा विरळ प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, त्या थरात शिरून वर चढू लागतो. हाच प्लाझ्मा बुडबुडा. युरोपीय अंतराळ संस्थेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडलेले स्वार्म उपग्रह अशा बुडबुड्यांतून थेट जातात आणि त्यांच्या नोंदी ‘व्हायरेस’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

आधी वेळ तपासावी. स्वार्मची स्थानिक वेळ हळूहळू सरकत असते, त्यामुळे निवडलेल्या तारखेला उपग्रह सायंकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत भारतावरून जात नसेल, तर पुढची मेहनत फुकट जाते. आपल्या रेखांशावर मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने आणि सौर डाग जास्त असलेले वर्ष निवडावे.

मग इलेक्ट्रॉन घनतेचा आलेख चुंबकीय अक्षांशानुसार, लघुगणकी मोजपट्टीवर (जिची प्रत्येक पायरी दहापट असते) काढावा. नवखे हमखास फसतात ते येथेच. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना घनतेचे उंचवटे आणि मध्ये शेकडो किलोमीटर रुंद, गुळगुळीत खळगा, हे आयनांबराचे नेहमीचेच रूप असून तो खळगा म्हणजे बुडबुडा नव्हे. बुडबुड्याच्या कडा उभ्या कड्यासारख्या असतात. काही किलोमीटरच्या अंतरात घनता दहापट, कधी शंभरपटही घसरते आणि तितक्याच अचानक पूर्ववत होते. उपग्रह जवळजवळ दक्षिणोत्तर जात असल्यामुळे आलेखातील खाचेची रुंदी ही बुडबुड्याची पूर्व-पश्चिम रुंदी समजू नये.

खात्रीसाठी चुंबकमापीची नोंद पाहावी. आतील प्लाझ्माचा दाब कमी झाल्याने तेथे चुंबकीय क्षेत्र काही नॅनोटेस्लापर्यंत वाढलेले दिसते. स्वार्मचा तयार बुडबुडा-निर्देशांकही याच बदलावर बेतलेला आहे: १ म्हणजे बुडबुडा, ० म्हणजे शांत, आणि उणे १ म्हणजे विश्लेषण शक्य नाही. उणे १ ला ‘बुडबुडा नाही’ असे मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे. शून्यावरही फार विसंबू नये, कारण साधारण साडेचारशे किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत न पोहोचलेला बुडबुडा त्याला दिसतच नाही.

अशा वेळी कोल्हापूरहून ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात टिपलेल्या पूर्ण आकाशाच्या प्रतिमा उपयोगी पडतात, कारण तो प्रकाश सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरून येतो आणि बुडबुडे त्यात पूर्वेकडे सरकणाऱ्या दक्षिणोत्तर काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात. मात्र त्यासाठी रात्र निरभ्र आणि चंद्रविरहित हवी, म्हणून पावसाळी सप्टेंबरपेक्षा मार्चच्या रात्री निवडणे सोयीचे.