जॅझ स्टँडर्ड गिटारवर बसवताय? या चुका टाळा

"ऑटम लीव्ह्ज येतं मला," असं कुणी म्हणालं की मी त्याला गिटार बाजूला ठेवायला सांगतो आणि म्हणतो, आता गुणगुणून दाखव. पहिली ओळ येते. दुसरी कशीबशी. पुढे "मग ते मायनरला जातं ना..." असं काहीतरी पुटपुटणं. कॉर्ड पाठ असतात, कुठल्या बारवर (चार मात्रांच्या मापावर) कुठलं स्केल चालतं तेही तोंडपाठ असतं, फक्त गाणं येत नसतं. इतकी वर्षं तेच तेच बघून वैताग आलाय, म्हणून एकदा लिहून टाकतो. उदाहरणाला हेच स्टँडर्ड, म्हणजे सगळे जॅझवाले वाजवतात असं जुनं गाणं, घेतो, कारण बहुतेकांची सुरुवात याच्यापासून होते आणि गाडीही इथेच अडते.

चाल न शिकता सोलोला हात घालणं

ही माझी खास चिडीची चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

चाल जोसेफ कॉस्माची, १९४५ची. गाणं मूळ फ्रेंच, इंग्रजी शब्द नंतर जॉनी मर्सरने लिहिले. ३२ बारचं एक आवर्तन. जी मायनरमध्ये पहिले आठ बार असे जातात: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि मग दोन बार जी मायनर. आता चाल कुठे थांबते ते बघा. पहिल्या बारवर ई फ्लॅट, तिसऱ्यावर डी, पाचव्यावर सी, सातव्यावर बी फ्लॅट. एकेक पायरी खाली. आणि यातला प्रत्येक सूर त्या बारमधल्या कॉर्डचा थर्ड आहे, म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे ज्याच्यावरून कळतं तो सूर.

कॉर्ड बदलताना सोलोने कुठे पाय टेकवायचा, याचं उत्तर चालीतच लिहून ठेवलंय. आणि आपण ते शोधायला रात्र रात्र व्हिडिओ बघतो.

माझी सवय सांगतो. नवीन गाणं घेतलं की पहिला आठवडा एकही कॉर्ड वाजवायची नाही. फक्त चाल, आणि तीही एकाच तारेवर. या गाण्याचे पहिले आठ बार दुसऱ्या तारेवर वाजवा. हात तिसऱ्या फ्रेटपासून सोळाव्यापर्यंत पळतो. बोटांना ओळखीचा बॉक्स (एका जागचा स्केलचा आकार) सापडत नाही आणि कानाला झक मारत ऐकावं लागतं. विद्यार्थी यावर हमखास कुरकुरतात. एकाने मला विचारलं होतं, "सर, याला काही शॉर्टकट?" मी म्हटलं, हाच शॉर्टकट आहे. तो पुढच्या आठवड्यात आला नाही.

ज्यांना हे जमतं त्यांना पहिला सोलो वेगळा शिकवावाच लागत नाही. चालीतले लांब सूर जागच्या जागी ठेवायचे आणि त्यांच्यामधले सूर बदलायचे. एवढ्याने झालेला सोलो ऐकणाऱ्याला गाण्याचा वाटतो. स्केल वर-खाली पळवलेल्या सोलोत हे होत नाही, मग बोटं कितीही चपळ असोत.

आवर्तन हरवणं

ही माझ्यावर बेतलेली आहे, तीही चारचौघांत.

आठ महिने मी साथ देणाऱ्या ॲपबरोबर रियाझ केला होता. पडद्यावर चालू बार रंगाने उजळतो, नजर तिथे खिळलेली. मला वाटायचं, फॉर्म, म्हणजे गाण्याचा ढाचा, आता रक्तात भिनलाय. मग एका जॅमला, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीला, गेलो. बेस, ड्रम, सॅक्सोफोन आणि मी. हेड, म्हणजे सोलोंआधी वाजवायची मूळ चाल, झकास झालं. सॅक्सवाल्याने दोन आवर्तनं घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

या गाण्याचा ढाचा ए, ए, बी, सी असा आहे, आठ-आठ बारचे चार तुकडे. दुसऱ्या ए मध्ये ड्रमरने एक तिरपा ठोका घातला, मी क्षणभर तिकडे ऐकलं आणि प्रश्न पडला: हा पहिला ए होता की दुसरा? मी ठरवलं, पहिला. म्हणून बी सुरू झाला तेव्हा मी सी मायनरवरची माझी घोटलेली फ्रेज काढली. खाली बेस ए हाफ डिमिनिश्डवर. कानाला खटकलं, पण मी रेटलं.

खरा सापळा पुढे होता. बी चा उत्तरार्ध म्हणजे सी मायनर, एफ सेव्हन, बी फ्लॅट, ई फ्लॅट. हुबेहूब ए ची सुरुवात. मला वाटलं, चला, सापडलं, ए सुरू झाला. त्याच्या पुढचा सी हा तुकडा सुरू होतो ए हाफ डिमिनिश्ड आणि डी सेव्हनने, म्हणजे तेही ए सारखंच. सलग सहा बार सगळं जुळत गेलं. मी खुशीत. सातव्या बारला मी जी मायनरवर ऐसपैस बसलो आणि बेस माझ्या बुडाखालून जी, जी फ्लॅट, एफ असा अर्ध्या अर्ध्या स्वराने घसरत निघून गेला.

मी थांबलो. थांबायलाही उशीरच झाला होता. तेवढ्यात सॅक्सवाल्याने, माझ्याकडे न बघता, शेवटच्या ओळीची चाल हळूच फुंकली. चार-पाचच सूर. कुठे आहोत ते तत्क्षणी कळलं आणि पुढच्या आवर्तनाला मी वेळेवर पोचलो. नंतर तो एवढंच म्हणाला, "बार मोजत बसू नकोस रे. डोक्यात चाल चालू ठेव, आपण कुठे आहोत ते तीच सांगते."

तेव्हापासून ॲप वापरलं तरी फोन पालथा. आणि सोलो शिकवण्याआधी एक कवायत, जिचा सगळ्यांना कंटाळा येतो: चाल मनात म्हणायची आणि प्रत्येक आठ बारच्या तोंडाशी फक्त एक सूर वाजवायचा. बाकी गप्प. पाच आवर्तनं न हरवता गप्प बसता आलं की मग बोला सोलोचं. शक्य असेल तर मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावा. पहिली मात्रा आपली आपण सांभाळायची.

सहाही तारांच्या बॅरे कॉर्ड (एक बोट आडवं दाबून)

बेस वाजवणारा समोर उभा असताना गिटारने खालचे सूर दाबून धरायचे म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. शिवाय दर बारला अख्खा पंजा हलवायचा. त्यापेक्षा तीन सुरांच्या शेल कॉर्ड शिका. सी मायनर सेव्हन: सहावी, चौथी, तिसरी तार, तिन्ही आठव्या फ्रेटवर. एफ सेव्हनसाठी मूळ सूर पाचव्या तारेवर आठव्यालाच घ्या आणि चौथ्या तारेवरचं बोट फक्त एक फ्रेट मागे, सातव्याला आणा. तिसरी तार जिथल्या तिथे. बी फ्लॅट मेजर सेव्हनला सहाव्या तारेवर सहावा फ्रेट, चौथी तार सातव्यालाच, आणि आता तिसरी आठवरून सातवर. पुढेही असंच: एक सूर थांबतो, दुसरा सरकतो. तिसरी तार कान देऊन ऐका. पहिल्या बारला ई फ्लॅट, तिसऱ्याला डी, पाचव्याला सी, सातव्याला बी फ्लॅट. चालीतले तेच थांबे! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गिटार मांडीवर ठेवून नुसता बसून होतो.

सोबत बेसवाला असेल तर मूळ सूरही सोडून द्या, दोन तारा पुरतात. पियानोवालाही असेल तर आणखी कमी, आणि त्याच्या सोलोच्या वेळी काहीच नाही. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७पासून जवळजवळ अर्धं शतक काउंट बेसीच्या बँडमध्ये मुख्यतः दर बारला चार ठोके वाजवत राहिला, सोलो क्वचितच. अख्खा बँड त्याच्या उजव्या हातावर झुलायचा. आमच्याकडे नवखा आला की तिसऱ्या दिवशी सोलो मागतो.

सगळीकडे एकच पेंटॅटॉनिक

जी मायनर पेंटॅटॉनिकने (पाच सुरांच्या स्केलने) अख्खं गाणं निभतं, हे खरं आहे, आणि तिथेच घात होतो. निभतं म्हणून कुणी पुढे जात नाही. डी सेव्हनचा जीव एफ शार्पमध्ये आहे आणि या पेंटॅटॉनिकमध्ये आहे साधा एफ. म्हणजे ज्या बारला घराची ओढ लागायची, तिथेच दार बंद. चाल बघा: सहाव्या बारला ती स्वतः डी, ई, एफ शार्प अशी चढते आणि मग बी फ्लॅटवर जाते. ते तीन सूर चोरा. डी सेव्हनसाठी वेगळं स्केल नंतर शिका, आधी हा एक एफ शार्प वेळेवर लागू द्या.

पट्टी एकच पाठ करणं

सत्तरच्या दशकात बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जमवलेलं रिअल बुक, म्हणजे जॅझ गाण्यांच्या चाली आणि कॉर्डचं पुस्तक, आधी चोरून विकलं जायचं. आता अधिकृत मिळतं. त्यात हे गाणं ई मायनरमध्ये आहे. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या १९५८च्या प्रसिद्ध रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते जी मायनरमध्ये आहे आणि जॅमला फुंकवाद्यवाले बहुधा तीच पट्टी मागतात. घरी ई मायनर घोटून आलेला गिटारवाला तिथे सगळे आकार तीन फ्रेट वर ढकलतो आणि मोकळ्या तारांवरच्या फ्रेज हातातून निसटल्या की गोंधळतो. कॉर्ड नावांनी लक्षात ठेवू नका, आकड्यांनी, म्हणजे पट्टीतल्या कितव्या सुरावर उभी आहे त्यावरून, ठेवा: चार, सात, तीन, सहा, दोन, पाच, एक. मग कुठलीही पट्टी सांगू देत. आणि पुस्तकातल्या कॉर्ड म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्यात चुका आहेत, दोन-तीन रेकॉर्डिंग ऐकून पडताळा.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

टॅब (तार आणि फ्रेटच्या आकड्यांचं लिखाण) बघून दुसऱ्याचा सोलो पाठ करू नका. चारच बार घ्या, पण कानाने काढा.

न थांबता वाजवणं. सॅक्सवाल्याला श्वास घ्यावाच लागतो, गिटारवाल्याला कुणी अडवत नाही. वाजवताना तोंडाने गुणगुणत राहा. दम संपला की फ्रेजही संपते.

प्रत्येक फ्रेज पहिल्या मात्रेवर सुरू करणं. ऐकणाऱ्याला दोन आवर्तनांत झोप येते.

महिन्याला दहा स्टँडर्ड "करणं". करा बापडे. मला वर्षाला चार जमली तर मी खूश असतो.

आवाज जॅझसारखा येत नाही म्हणून नवा पेडल घेणं. टोनची खुंटी कमी करा आणि रिव्हर्ब बंद करा. तरी नाही आला तर दोष हातात आहे.

आणि एक, जी मोठमोठे करतात: अंदाजाने लय मोजून सुरुवात करणं. हेड आरामात जातं, सोलोत बोटं अडकतात, किंवा उलट, सगळं इतकं रेंगाळतं की ड्रमरला जांभया. मी मोजण्याआधी सी या शेवटच्या तुकड्यातले ते घसरणीचे दोन बार मनात गुणगुणतो, जिथे दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते. तिथे चाल अंगावर आली नाही तर लय बरोबर. मग तोंड उघडून एक, दोन, तीन, चार. यात चार-पाच सेकंद जातात आणि तेवढा वेळ सगळे आपल्याकडे बघत असतात. बघू देत.