वैद्यकीय इच्छापत्र: मृत्युपत्राबरोबरच करून ठेवायचा कागद

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. कुलमुखत्यारपत्र तो निर्णय घेण्याइतका सक्षम असेपर्यंतच चालतं, कारण देणाऱ्याची समज गेली की तेही कायद्याने संपतं. मधला काळ, म्हणजे माणूस आयसीयूत आहे, बोलू शकत नाही आणि बरं होण्याची आशा नाही, तो या दोन्ही कागदांच्या बाहेर राहतो. त्या काळासाठी असतं वैद्यकीय इच्छापत्र, बोलण्यात लिव्हिंग विल. घर, शेती, ठेवी यांची व्यवस्था लावायला वकिलाकडे बसणारच असाल, तर हाही कागद तेव्हाच मार्गी लावा.

भारतात याचा आधार संसदेचा कायदा नसून सर्वोच्च न्यायालयाचा ‘कॉमन कॉज’ खटल्यातला ९ मार्च २०१८ चा निकाल आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून नैसर्गिक मृत्यू येऊ देण्याला, मर्यादित मान्यता दिली होती. २०१८ मध्ये आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मिळाला. मात्र तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडायचं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. इंटरनेटवर अजून जुने नमुने फिरतात. ज्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची जागा दिसेल, तो वापरू नका.

कागदाला हात घालण्याआधी फॅमिली डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या. आपल्याला असलेल्या आजाराचं पुढे काय होतं, हे त्यांना थेट विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णापुढे येणारा प्रश्न डायलिसिसचा असतो, फुप्फुसं निकामी होत चाललेल्याच्या पुढे व्हेंटिलेटरचा, तर स्मृतिभ्रंश झालेल्याच्या पुढे बहुधा नळीने अन्न देण्याचा. हे न समजता भरलेला छापील नमुना ऐनवेळी नेमक्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरावर घालवा. “माझे हाल करू नका” किंवा “उगाच मशिनवर ठेवू नका” ही वाक्यं मनापासूनची असतात, पण डॉक्टरांना त्यावर काही करता येत नाही. सूचना संदिग्ध असतील तर वैद्यकीय मंडळाने, म्हणजे उपचार थांबवण्याबाबत मत देणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने, त्या अमलात आणू नयेत, असं न्यायालयानेच म्हटलं आहे. म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचारांची नावं. उदाहरणार्थ:

“माझा आजार बरा न होणारा असून शेवटच्या टप्प्यात आहे, किंवा माझ्या मेंदूची इजा कायमची असून मी पुन्हा माणसं ओळखू शकेन अशी शक्यता नाही, असं मत वैद्यकीय मंडळांनी दिलं आणि त्या वेळी मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) देऊ नये. व्हेंटिलेटर लावू नये, लावला असेल तर काढावा. डायलिसिस करू नये. वेदना, धाप आणि तगमग कमी करणारी औषधं, गरज पडल्यास मॉर्फिनसुद्धा, पुरेशा मात्रेत द्यावीत.”

नळीने अन्न-पाणी, रक्तदाब टिकवणारी औषधं, प्रतिजैविकं आणि पुन्हा आयसीयूत हलवणं, या चारही गोष्टींवर हो की नाही ते स्वतंत्रपणे लिहा. अन्नाच्या नळीवर घरात सर्वाधिक वाद होतात, कारण आईला किंवा वडिलांना उपाशी ठेवलं ही भावना मुलांना सोसत नाही. तिथे तुमचं स्पष्ट वाक्य असेल तर त्यांच्या मनावरचं ओझं हलकं होतं. निदान पक्कं नसताना थोडे दिवस उपचार करून पाहावेत असं वाटत असेल तर तेही लिहा: “व्हेंटिलेटर ७ दिवस लावून पाहावा, सुधारणा नसेल तर काढावा.” अपघात, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया अशा बऱ्या होऊ शकणाऱ्या स्थितीत सर्व उपचार करावेत, हे वाक्य न विसरता घाला; नाहीतर ‘हे तर उपचारच नको म्हणतात’ असा गैरसमज होतो. इंजेक्शन देऊन मरण द्यावं, असं मात्र काहीही लिहू नका. ते भारतात बेकायदाच आहे. हा कागद आपण कधीही मागे घेऊ शकतो, हेही त्यात नमूद हवं.

त्यानंतर माणूस निवडा. तुमच्या वतीने संमती देणारा पालक (गार्डियन) किंवा जवळचा नातेवाईक कागदात नावानिशी हवा. २०२३ पासून एकाहून अधिक नावं चालतात, पण तिघांची नावं नुसती टाकून ठेवलीत तर तिघांचं एकमत होईपर्यंत रुग्ण ताटकळतो. क्रम लिहा: आधी अमुक, त्यांच्याशी संपर्क झाला नाही तर तमुक. थोरला मुलगा म्हणून त्याचंच नाव, असं करू नये. जो दोन तासांत रुग्णालयात पोहोचू शकतो आणि नातेवाइकांच्या आग्रहापुढे डगमगत नाही, तोच योग्य. मग ती भाची असो वा शेजारी राहणारी बहीण. मुलं अमेरिकेत असतील तर पहिलं नाव इथल्या माणसाचं ठेवा. त्या व्यक्तीला कागद वाचून दाखवा आणि ‘मी हे करीन’ असा स्पष्ट होकार घ्या.

सहीसाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एकाच वेळी समोर हवेत. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, असं न्यायालय म्हणतं. मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार आहे त्यांना इथे साक्षीला घेऊ नका, पुढे त्यांच्या हेतूवर बोट ठेवलं जातं. सही स्वेच्छेने, दबावाशिवाय आणि परिणाम समजून केली आहे, अशी नोंद साक्षीदार आणि नोटरी या दोघांकडूनही करून घ्या. बरेच नोटरी फक्त शिक्का मारून मोकळे होतात. ते वाक्य आधीच टाइप करून नेलं की अडचण येत नाही. कागद मराठीत चालतो, पण रुग्णालयातले डॉक्टर मराठी वाचणारे असतीलच असं नाही, म्हणून शेजारी इंग्रजी मजकूर ठेवा.

प्रती कुठे जातात यावर बरंच अवलंबून आहे. नाव दिलेल्या नातेवाइकांना आणि फॅमिली डॉक्टरांना एकेक प्रत द्या. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे कस्टोडियनकडे जमा करून पोच घ्या. डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये आपलं इच्छापत्र नोंदवलं. तरी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला याची माहिती नसणं शक्य आहे. अशा वेळी आरोग्य विभागाकडे अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी रात्री रुग्णालयात न्यावं लागलं तर ती हाती येणार नाही.

रुग्णालयात पुढे काय होतं, हे नाव दिलेल्या माणसाला नीट समजावून सांगा. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, असं प्राथमिक मंडळ बसतं. मग दुय्यम मंडळ, ज्यात जिल्हा वैद्यकीय प्रमुखाने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांच्या आत मत द्यायचं असतं. नाव दिलेल्या व्यक्तीची संमती लागते. अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. “कोर्टाची ऑर्डर आणा” असं सांगण्यात आलं तर २०२३ च्या आदेशाची छापील प्रत पुढे करा. मंडळाने नकारच दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

अवयवदानाची इच्छा या कागदात लिहून ठेवली तरी त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि मृत्यूनंतर नातेवाइकांची संमती लागतेच. मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वतंत्र निर्देशपत्र आहे. ते आणि हे इच्छापत्र एकत्र करू नका.

मोठं निदान झालं, जोडीदार गेला किंवा नाव दिलेला माणूस परगावी गेला, तर कागद पुन्हा वाचा. बदल खाडाखोड करून न करता नवा कागद करा, त्यात “आधीचे सर्व रद्द” असं लिहा आणि जुन्या प्रती कस्टोडियनसह सगळ्यांकडून परत घ्या. दोन कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरला जातो, म्हणून दोन्हींवर तारीख ठळक हवी.