मोर्सचं पहिलं तारयंत्र पेन्सिलने कसं काढायचं

सॅम्युअल मोर्स मुळात पोर्ट्रेट काढणारा, 1832 ला जहाजावर असतानाच त्याने तारयंत्राची स्केचेस वहीत काढली, आणि 1837 चा रिसीव्हर तर चक्क कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर उभा केला, म्हणून आपणही सुरुवात चौकटीनेच करायची. एचबीने हलक्या हाताने उभा आयत काढा, वरच्या पट्टीतून लोलक खाली सोडा, त्याला पेन्सिल, शेजारी इलेक्ट्रोमॅग्नेट. खाली घड्याळाच्या चाकांनी सरकणारी कागदी पट्टी. चुंबकाने ओढलं की पट्टीवर इंग्रजी व्हीसारखा दात उमटायचा, ती करवतीसारखी रेघ अजिबात घाईत काढू नका, सगळा मेसेज तिच्यातच असायचा. लाकडाचे रेषे 2बीने, शेडिंग शेवटी.