वॉल्टर पिस्टनच्या सिम्फनी ऐकायला शिकताना

ख्यालगायनावर कान तयार झालेल्या श्रोत्याला सिम्फनी, म्हणजे पाश्चात्य वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची दीर्घ रचना, ऐकताना पहिली अडचण जाणवते ती षड्जाची. मागे तंबोरा नसतो आणि ज्या सुराला आपण आधार मानून बसतो, तो काही क्षणांत सरकलेला असतो. वॉल्टर पिस्टन (१८९४–१९७६) या अमेरिकन संगीतकाराच्या आठ सिम्फनी ऐकायला घेतल्या, तेव्हा माझे तसेच झाले. त्यातून पिस्टन यांनी त्यांना वर्णनात्मक नावे दिलेली नाहीत, त्यामुळे मनात धरायला एखादे चित्र किंवा कथाही सापडत नाही.

मी पहिल्या सिम्फनीपासून क्रमाने सुरुवात केली, ती चूक होती. नवीन श्रोत्याने दुसऱ्या सिम्फनीतला (१९४३) मधला संथ भाग, म्हणजे अडाजिओ, आधी ऐकावा. त्यात क्लॅरिनेट एक लांब सुरावट अतिशय सावकाश उलगडत नेते. पहिल्या दोन-तीन वेळा केवळ तिचा माग ठेवावा, मग तोच भाग ऐकताना खालच्या तंतुवाद्यांकडे लक्ष द्यावे. पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या ध्यानात आले की, वरचा सूर लांबलेला असतानाच खालचे स्वर बदलतात आणि त्या एकाच सुराचा भाव पालटतो. त्या दिवसापासून मी षड्ज शोधणे सोडून दिले.

त्यानंतर सहावी सिम्फनी घ्यावी. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पंचाहत्तरीसाठी १९५५ मध्ये लिहिलेल्या या रचनेत, तिथल्या वादकांचा आवाज पिस्टन यांना किती जवळून ठाऊक होता, हे पदोपदी जाणवते. दुसऱ्या भागात घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा छोटा चिमटा, बसवलेली तंतुवाद्ये कुजबुजल्यासारखी धावतात आणि तालवाद्ये त्यांना हलकेच टोकत राहतात. आवाज कमी ठेवला तर यातले निम्मे ऐकूच येत नाही.

हार्वर्डमध्ये १९२६ ते १९६० शिकवलेल्या, हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची संगती) आणि वाद्यवृंदलेखनावर पाठ्यपुस्तके लिहिलेल्या या प्राध्यापकाचे संगीत पंडिती, कोरडे आहे, असे म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या बँडमध्ये जाता यावे म्हणून ग्रंथालयातल्या पुस्तकावरून सॅक्सोफोन शिकलेला हा माणूस होता. वाद्यांशी त्याचे नाते हाताचे होते. सहाव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात एकटा चेलो सुरू होतो, तिथे हे नाते स्पष्ट ऐकू येते.